‘बंद पडता कामा नये’ म्हणणाऱ्या मालकाकडे पहिली नोकरी

डिप्लोमा झालाय, हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स झालाय आणि आता सोलापुरातच सिस्टिम ॲडमिनचं काम शोधताय, असं धरून लिहितोय. आयपी, स्विच, रेड या कोर्सात शिकवलेल्या गोष्टींत वेळ घालवत नाही.

इथली कामं म्हणजे एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे कारखाने, पतसंस्था, हॉस्पिटलं, सीएंची ऑफिसं. सगळीकडे मालक म्हणणार, "सिस्टिम बंद पडता कामा नये." आणि त्याच दमात, "खर्च जास्त काढू नका." मान डोलवू नका. विचारा, "शेठ, किती वेळ बंद राहिलेली चालेल?" 99.9 टक्के चालू म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद. 99.99 म्हटलं तर साधारण 53 मिनिटं, 99.999 ला सव्वापाच. पुढचा प्रत्येक नऊ म्हणजे दुसरा सर्व्हर, दुसऱ्या कंपनीची इंटरनेट लाईन, रात्री फोन उचलणारा दुसरा माणूस. टॉवेल एक्स्पोर्टवाल्याला शिपमेंटच्या आठवड्यात चार तासही परवडत नाहीत, एरवी अख्खा दिवस गेला तरी तो वहीवर भागवतो. हे त्याच्या तोंडून काढा आणि कागदावर घ्या.

आता बॅटरी. या विषयावर माझं बोलणं ऐकून घरचेही कंटाळलेत, पण ऐकाच. यूपीएसवर हिरवा दिवा आणि 100 टक्के चार्ज दिसतो. तो आकडा बऱ्याचदा नुसत्या व्होल्टेजवरून काढलेला असतो. लोड आल्यावर बॅटरी किती तग धरेल हे त्यातून कळत नाही. 12 व्होल्टची म्हातारी बॅटरीसुद्धा चार्जरला लावलेली असताना 13 च्या वर व्होल्ट दाखवते. लाईट गेली, लोड आला, की काही सेकंदांत बसते. 3 केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसमध्ये बऱ्याचदा अशा 8 बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. त्यातली एक गेली तरी अख्खी रांग जाते. मी अडकलो तो यातच. दिवा हिरवा, एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) चालू, व्हेंडरची सही असलेला रिपोर्ट फायलीत, आणि ऐन मार्चअखेरीला डेटाबेस अर्धवट लिहिलेला.

त्यात आपलं ऊन. या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्यांचं आयुष्य 20 ते 25 अंश धरून सांगितलेलं असतं, आणि त्यापुढे दर 10 अंशांना ते साधारण निम्मं होतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर, यूपीएस जिन्याखालच्या कपाटात, पंख्यात सुताची धूळ. माहितीपत्रक पाच वर्षं म्हणत असेल तर तुम्ही दोन-अडीच धरा आणि पहिल्याच दिवशी तो खर्च शेठना सांगा. तिसऱ्या वर्षी सांगितलात तर शिव्या तुम्हालाच.

तपासायचं कसं? सुटीच्या दिवशी सर्व्हर नीट बंद करून बाजूला काढा, त्याजागी तेवढ्याच वॅटचे बल्ब लावा, मेन पाडा आणि घड्याळ बघत बसा. लोड चालू असताना एकेक बॅटरी मल्टिमीटरने मोजा. जी बाकीच्यांपेक्षा भराभर उतरते ती गेलेली. रांगेत 96 व्होल्ट डीसी असतो, एकट्याने हात घालू नका, इलेक्ट्रिशियन बरोबर घ्या. जुन्या सातांत एक नवी घालून भागवू नका, नवीही लवकर मरते. बसवल्याची तारीख प्रत्येकीवर मार्करने लिहा.

बॅकअपचंही असंच. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅबचा, म्हणजे प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या साइटचा, डेटाबेस चुकून उडाला, तेव्हा बॅकअप आणि कॉपीच्या पाच पद्धतींतली एकही धड चालत नव्हती. रोजचा बॅकअप फसतोय हे कळवणारे ईमेलही पोचत नव्हते. एका जुन्या स्नॅपशॉटवर, म्हणजे आधी काढून ठेवलेल्या प्रतीवर, निभावलं, तरी साधारण सहा तासांचा डेटा गेलाच. रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून डेटा परत आणून पाहिला नसेल तर त्याला बॅकअप म्हणू नका.

यूट्यूबवरच्या पुण्या-बंगळुरूच्या मेंटॉरांचं ऐका, पण त्यांच्याकडे एसीतलं डेटा सेंटर असतं. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते बॅटरीच्या दुकानातल्या एका मामांनी. डंप, म्हणजे परीक्षेचे फुटलेले प्रश्न, पाठ करून मिळवलेलं सर्टिफिकेट मुलाखतीपर्यंत चालतं, पुढे नाही.

घाबरू मात्र नका. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज मशिन बसली. आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले गेले. त्यातली बरीच मशिन लांबून दुरुस्त होईनात. कुणीतरी समोर बसून सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढायची होती. डिस्कला कुलूप घालणाऱ्या बिटलॉकरची की कुठं ठेवलीय हे ज्यांना ठाऊक होतं त्यांचं लवकर आटोपलं. असा समोर बसणारा माणूस सोलापूरलाही लागतोच, आणि तो पुण्याहून येईपर्यंत कुणी थांबत नाही.

फक्त रात्रीच्या कॉलचे पैसे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या. शेठ आपणहून लिहीत नाहीत, पण त्या पावणेनऊ तासांचा हिशोब समोर ठेवून मागितलं तर बरेचदा देतात.