गॅरेजसाठी सॉफ्टवेअर घेताय? आधी हे करून बघा
डेमोला सेल्सवाल्याचा रेडीमेड डेटा बघत बसू नका, आपलंच कालचं एक जॉब कार्ड त्याच्यासमोर ठेवा, गाडी नंबर, किलोमीटर, कस्टमरची तक्रार, ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, लेबर सगळं भरायला लावा आणि बिल निघेपर्यंत उठू नका. बिलात पार्टचा एचएसएन (जीएसटीतला वस्तूचा कोड) आणि लेबरचा एसएसी (सेवेचा कोड) वेगळा आलाच पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून कारच्या ब्रेक पॅडवर 18 टक्के जीएसटी आहे, तिथे अजून जुना 28 दिसला तर सरळ नाही म्हणा. मोबाईल ॲप पोरांच्या हातात द्या, एंट्री तेच करणार, त्यांना जमलं नाही तर सगळं फुकट. पैसे भरायच्या आधी पूर्ण डेटा एक्सेलमध्ये निघतो का तेही बघा, नंतर फोन कोण उचलतंय.