टाऊन हॉल म्युझियमला नववीचा वर्ग नेताना

मी हायस्कूलला चित्रकला शिकवते आणि नववीची पोरं कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियमला नेते. पहिल्यांदाच वर्ग नेणार असाल तर आधी एकट्यानं जाऊन या, चित्र काढायची परवानगी विचारा आणि तीनच गोष्टी निवडा. सगळं दाखवायला गेलात की पोरं नुसती दालनांतून पळतात.

माझी पहिली निवड ठरलेली: कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती. नाव लगेच सांगू नका. दहा-दहाच्या गटानं उभं करा, पाच मिनिटं गप्प बघू द्या, मग पेन्सिलीनं फक्त हातांची ठेवण काढायला लावा. उभं राहायची ढब कागदावर उतरली, की ‘बाई, हा आपल्याकडचा देव न्हाई वाटत’ असं कुणीतरी म्हणतंच. तिथून बोलायला सुरुवात करा: ग्रीकांचा समुद्रदेव, रोमशी चालणारा व्यापार. समुद्रापासून इतक्या लांब, पंचगंगेकाठी तो कसा पोचला असेल? तर्क पोरांनाच करू द्या, खोडू नका. प्रत्येक तर्कापुढं ‘कशावरून?’ एवढंच विचारा. मला हा सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

दुसरं, कोल्हापूरच्याच चित्रकाराचं एखादं चित्र. उजेड कुठून येतोय, एवढंच शोधायचं.

तिसरी खुद्द इमारत. 1870 च्या दशकातली, चार्ल्स मँट यांच्या आराखड्याची. टोकदार कमानी बाहेर बसून काढायच्या.

वेळ उरला तर राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय गाठा, पण त्याला वेगळा दिवस दिलेला बरा.