पीएच.डी.च्या प्रबंधाकडून काय अपेक्षित असते?

जाणता परीक्षक प्रबंधाचे शीर्षक, गृहीतके आणि निष्कर्ष एकमेकांशी ताडून पाहतो. या तिन्हींचा मेळ बसत नसेल, तर मधल्या चारशे पानांचा फारसा उपयोग होत नाही.

म्हणून विषय घेतानाच प्रश्न आवळून घ्यावा. ‘बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार : एक अभ्यास’ या शीर्षकातून कोणताच प्रश्न उभा राहत नाही. आईवडील तोडीला गेल्यावर गावातील हंगामी वसतिगृहात राहिलेली मुले आणि त्यांच्यासोबत फडावर गेलेली मुले यांच्या शालेय हजेरीत किती फरक पडतो, असे विचारले की कोणत्या शाळांची, कोणत्या महिन्यांची हजेरीपत्रके पाहायची हे ठरत जाते. मात्र तेवढ्याने भागत नाही. ज्यांच्या घरी सांभाळायला आजी आहे तीच मुले मागे राहत असतील, तर हजेरीतील फरक वसतिगृहामुळे पडला की आजीमुळे, या शंकेचे उत्तर संशोधकाने स्वतःच प्रबंधात द्यायला हवे. ‘शासनाने या प्रश्नाकडे लक्ष द्यावे’ हे वाक्य शिफारशींत शोभेल. त्याला निष्कर्ष म्हणता येत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रबंधांची शेवटची प्रकरणे नेमकी अशाच वाक्यांनी भरलेली असतात.

पूर्वसंशोधनाचा आढावा म्हणजे पुस्तकांच्या सारांशांची माळ नव्हे. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात आपल्या विषयाजवळचे प्रबंध वाचून, त्यांनी काय सिद्ध केले आणि कोणती जागा मोकळी राहिली, हे त्यात सांगावे.

वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे विनियम स्पष्ट आहेत. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. 40 टक्क्यांपर्यंत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, 60 टक्क्यांपर्यंत तो वर्षभर सादर करता येत नाही आणि त्यापुढे नोंदणीच रद्द होते. श्रेय देऊन घेतलेली अवतरणे व संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. तरीही टक्केवारी कमी आली म्हणून उसनी कल्पना स्वतःची ठरत नाही.

आयोगाच्या 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार मार्गदर्शकाखेरीज किमान दोन बाह्य परीक्षक प्रबंध तपासतात आणि त्यानंतर मौखिक परीक्षा होते. तेथे ‘हे कशावरून?’ असे विचारले गेल्यास संबंधित तक्त्याचे पान लगेच काढून दाखवता यावे.