टेबल आणि बार चार्ट: आधी काठ बघा, मग आकडे

साडी घेताना आपण काठपदर आधी बघतो ना, तसंच टेबल किंवा बार चार्ट समोर आला की डायरेक्ट मधल्या आकड्यांवर उडी मारायची नाही, आधी कडेकडेचं वाचायचं. वरचं हेडिंग, कॉलमची नावं, साल, आकडे लाखात आहेत की टक्क्यात. कंटाळा येतो मान्य, पण लोक गंडतात ते इथेच.

२०११ च्या जनगणनेचं आपल्या राज्याचं टेबल घ्या. त्यात लिंग गुणोत्तर म्हणून कॉलम असतो, म्हणजे दर १००० पुरुषांमागे बायका किती. रत्नागिरी ११२२, मुंबई शहर ८३२, अख्खा महाराष्ट्र ९२९. आता घाईत वाचणारा म्हणणार मुंबईपेक्षा रत्नागिरीत बायका जास्त. असं नाहीये! मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३१ लाखाच्या आसपास आणि रत्नागिरीची १६ लाख, त्यामुळे हिशोब केला तर मुंबई शहरात बायका साधारण १४ लाख निघतात आणि रत्नागिरीत साडेआठ. (रत्नागिरीचा आकडा एवढा वर का, ते कोकणातल्या कुठल्याही चाकरमान्याच्या घरी विचारा.) प्रमाण वेगळं आणि एकूण संख्या वेगळी, कॉलम कुठला वाचतोय ते बोट ठेवून बघायचं.

आता ह्याच आकड्यांचा बार चार्ट काढला आणि कोणी बाजूची उभी मोजपट्टी शून्याऐवजी ८०० पासून सुरू केली तर मुंबईचा बार ३२ उंचीचा आणि रत्नागिरीचा ३२२, म्हणजे दिसायला दहापट! खरा फरक ३५ टक्क्यांचा. म्हणून खालचा पहिला आकडा बघायचाच, तो शून्य नसेल तर उंचीवर विश्वास ठेवू नका, बारवरचा आकडा वाचा.

दोन सालं कम्पेअर करताना एकाच कॉलमवर खूश होऊ नका. राज्याचं गुणोत्तर २००१ ला ९२२ होतं ते ९२९ झालं, छान वाटतं, पण बाजूचा ० ते ६ वयाचा कॉलम बघितला तर ९१३ वरून ८९४ वर घसरलाय.

आणि हो, जिल्ह्यांच्या टेबलात ओळी मोजा. २०११ ला ३५ जिल्हे होते आणि ठाणे १ कोटी १० लाखांवर सगळ्यात मोठं, मग २०१४ ला पालघर वेगळा झाला, तेव्हा पुढच्या एखाद्या टेबलात ठाणे अचानक बारीक दिसलं तर माणसं कुठे गेली नाहीत, फक्त दुसऱ्या ओळीत बसलीत.