मातृदिनाच्या पाककृती प्रात्यक्षिकाची तयारी

मातृदिन मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी येतो. वसईत तेव्हा लग्नसराई, वर्षभराच्या मसाल्याची धांदल आणि मरियामातेच्या महिन्याची जपमाळ, सगळं एकदमच चालू असतं. म्हणून ईस्टर आटोपला की लगेच फादरांना भेटून चर्चचा हॉल धरून ठेवा आणि तारीख पॅरिश कौन्सिलच्या वहीत लिहून घ्या. तोंडी होकारावर राहाल, तर हॉल लग्नाला गेलेला असेल. वेळ सकाळच्या मिस्सानंतरचीच, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतरचीच ठेवा. मे महिन्यातल्या दुपारी बंद हॉलमध्ये तेलाची कढई तापली की समोर बसलेल्या आज्यांना ते सोसत नाही.

हे प्रात्यक्षिक निधी जमवायला आहे, तेव्हा पदार्थ ठरवण्याआधी निधी कशाला हवा ते ठरवा. आज आपण पाळतो तो मातृदिन सुरू झाला तोही चर्चमध्येच. 1908 साली अमेरिकेतल्या ग्राफ्टन गावच्या मेथडिस्ट चर्चमध्ये अ‍ॅना जार्व्हिस यांनी आपल्या आईच्या आठवणीत उपासना घडवून आणली. त्यांची आई, अ‍ॅन जार्व्हिस, बायांची मंडळं चालवायच्या. ही मंडळं औषधांसाठी पैसे जमवायची, आणि ज्या घरातली आई क्षयाने अंथरुणाला खिळली असेल तिथे कामाला बाई लावून द्यायची. आपल्या निधीचं कामही असंच नेमकं असावं. ‘गरजूंच्या मदतीसाठी’ एवढंच छापलंत तर लोक शंभराची नोट देऊन मोकळे होतात. ‘आजारी आईच्या घरी तीन महिने स्वयंपाकाला बाई’ असं तिकिटावर लिहा. कोणत्या घरी गरज आहे हे व्हिन्सेंट दी पॉल सोसायटीच्या, म्हणजे गरजू घरांना मदत करणाऱ्या चर्चच्या संस्थेच्या, सभासदांना माहीत असतं, त्यांच्याकडून समजून घ्या. त्या घराचं नाव मात्र मंचावर, पत्रकात, कुठेही येता कामा नये.

आता पदार्थ करून दाखवणाऱ्या. जिच्या हातचे फुगे (आंबवलेल्या मैद्याचे तळलेले गोल पाव) आळीभर वाखाणले जातात, पण जिला आजवर कोणी पुढच्या खुर्चीवर बसवलं नाही, अशी मावशी शोधा. तिघीजणी पुरेत. ‘त्यात काय दाखवायचं, रोजचंच तर आहे’ असं म्हणून त्या टाळतील. तेव्हा फोनवर विचारू नका, घरी जा आणि सोबत त्यांच्या लेकीला किंवा सुनेला बसवा. त्याच भेटीत मापं लिहून घ्यायची आहेत, आणि माझ्या मते या सगळ्या तयारीत याहून मोठं काम दुसरं नाही. मावशी मैदा ओंजळीने घेतात, मीठ चिमटीने घालतात, नारळाचं दूध ‘लागेल तेवढं’. त्यांना वाटी-चमचा धरायला लावू नका, हात बुजतो. त्याऐवजी मैद्याचा डबा आधी तोला, त्यांचं घालून झालं की पुन्हा तोला. जो फरक येईल ते माप. दुधाचं पातेलं, साखरेची बरणी, सगळ्याचं असंच करा. लिहून झालेला कागद मावशींना वाचून दाखवा आणि त्या सांगतील त्या दुरुस्त्या तिथेच करा. आई गेल्यावर तिच्यासारखी चव जमत नाही म्हणून हळहळणारी घरं आपल्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) कमी नाहीत; हा कागद त्यांच्यासाठी आहे.

प्रात्यक्षिकाला फुगे सगळ्यात चांगले, कारण त्यात हाताचं कसब डोळ्यांना दिसतं. अर्धा किलो मैद्याला दोन अंडी, एका नारळाचं दाट दूध, चमचाभर यीस्ट, थोडी साखर आणि मीठ, एवढं साहित्य धरून चाला आणि मावशींच्या मापाप्रमाणे बदला. पूर्वी यीस्टच्या जागी ताडी असायची. मावशींकडून ती आठवण माइकवर जरूर सांगून घ्या. पीठ फुगायला वेळ लागतो आणि लोक तेवढे थांबत नाहीत, म्हणून तीन परातींची तयारी ठेवा: एक समोर भिजवायला, एक अर्धी फुगलेली, एक तळायला तयार. मेच्या उकाड्यात पीठ झपाट्याने वर येतं आणि आंबूनही जातं, तेव्हा तिसरी परात मिस्सा सुरू होण्याच्या सुमारास भिजवा आणि जवळ बर्फाची पेटी असू द्या. नारळ आदल्या रात्री खवून ठेवू नका, दूध नासतं. मुठीतून पीठ दाबून अंगठा आणि तर्जनीमधून गोळा काढायचा आणि ओल्या बोटांनी तेलात सोडायचा, हे मागच्या रांगेला दिसलंच पाहिजे. त्यासाठी एका मुलाला मोबाइल घेऊन फक्त हातांवर रोखायला उभा करा आणि चित्र प्रोजेक्टरवर लावा. मावशींचा चेहरा लोकांना माहीत आहे, हात बघायला ते आलेत.

फुग्यांबरोबर इंदयाल, म्हणजे सिरका घातलेलं डुकराच्या मटणाचं कालवण, हवंच. ते शनिवारी करून ठेवा. सिरक्यात मुरलं की दुसऱ्या दिवशी जास्त चांगलं लागतं. डुकराचं मटण न खाणारे शेजारीही येतील, त्यांच्यासाठी चिकन आणि एक भाजी ठेवा, आणि डाव, पातेली, वाढणारे हात वेगळे. बाटली मसाल्याची, म्हणजे वर्षभरासाठी बाटल्यांत भरून ठेवतात त्या मसाल्याची, माहिती द्यायची असेल तर धणे, तीळ, खसखस मंचावर भाजा. मिरच्या मात्र बाहेर अंगणात, नाहीतर सगळा हॉल खोकत बसेल.

पडद्यामागच्या कामांची यादी वेगळ्या कागदावर करा आणि त्यात एकाही आईचं नाव नको. नारळ खवणं, कांदे चिरणं, तेलकट कढया घासणं, हॉल झाडणं, हे मुलगे, नवरे आणि युवक मंडळाने करायचं. नुसतं ‘युवक मंडळ’ लिहू नका, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव हवं. ज्यांनी खवणी कधी हातात धरली नाही त्यांना आधीच्या रविवारी बसवून शिकवा.

गॅस 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्या; घरगुती लाल सिलिंडर अशा कामाला वापरायला परवानगी नसते. रेग्युलेटर आणि नळी एका जाणकाराने आदल्या दिवशी तपासावी. अग्निशामक नळकांडं मंचाजवळ, लहान मुलांच्या खुर्च्या कढईपासून लांब. वीज गेली तर सोय असावी म्हणून जनरेटर सांगून ठेवा. खाद्यपदार्थ विकणार असाल तर अन्नसुरक्षा नोंदणीचं काय लागेल ते महिनाभर आधी विचारा. सजावटीला शेवंती आणि स्वच्छ टेबलक्लॉथ पुरे.

आमंत्रणाच्या सूचनेत ‘सर्व मातांना’ म्हणताना कॉन्व्हेंटच्या सिस्टर, भाचरं वाढवणाऱ्या आत्या आणि ज्यांचं मूल गेलं त्या आया यांनाही आठवणीने घ्या. त्यांच्या घरी कोणीतरी जाऊन सांगावं, कारण नुसती जाहीर सूचना ऐकून त्या येणार नाहीत.

पैशाला दोन माणसं कायम एकत्र बसवा. क्यूआर कोड चर्चच्या खात्याचाच, कोणाच्या वैयक्तिक खात्याचा नाही. मसाल्याच्या बाटल्यांचा लिलाव शेवटी, जेवणाआधी करा. पोट भरलं की बोली चढत नाही. लिहिलेल्या पाककृतींच्या झेरॉक्स वीस रुपयांना ठेवा, वर मावशींचं नाव ठळक, त्यांची परवानगी घेऊन. जमा-खर्चाचा हिशेब पुढच्या रविवारी मिस्सानंतर वाचून दाखवा आणि एक प्रत सूचना फलकावर लावा, म्हणजे स्वयंपाकाच्या बाईचा पहिला पगार त्याच आठवड्यात देता येईल.