गल्लीचा खर्च तपासायचा तर आधी एमबी मागा

मनपाचं बजेट कोटींत असतं. ते वाचून आपल्या गल्लीचं काहीच कळत नाही. मी २२ वर्षं बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर होतो, म्हणून सांगतो: पैसा निघतो तो मोजमाप पुस्तिकेवर. आम्ही तिला एमबी म्हणतो. अभियंता जागेवर मोजतो, लांबी-रुंदी-जाडी एमबीत चढवतो आणि त्यावरून बिल बनतं.

कामाचा फलक लागला की लगेच त्याचा फोटो काढा. कामाचं नेमकं नाव हाती असलं की निम्मी धावपळ वाचते. नागपुरात मनपाचे १० झोन आहेत. आपल्या झोनच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकार कायद्याखाली जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात अर्ज करा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्याच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द बसतात, तेव्हा कहाणी लिहू नका. मी एवढंच लिहितो: ‘या कामाचं अंदाजपत्रक, कार्यादेश, एमबीची पानं आणि अंतिम देयकाची प्रत द्यावी.’ ‘किती खर्च झाला’ असं विचारलं तर एक आकडा येतो, आणि तो ताडून पाहायला हाती काहीच नसतं. मुदत ३० दिवसांची, प्रतीचे पानाला २ रुपये. नुसती फाईल पाहायची असेल तर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे सोमवारी दुपारी ३ ते ५ जाऊन पाहता येते.

मग टेप घेऊन उतरा, आणि सोबत एक माणूस न्या. आमच्या गल्लीत गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवले तेव्हा मी आणि शेजारच्या काकूंनी मोजलं: लांबी ६२ मीटर, रुंदी ३.२०. म्हणजे १९८.४ चौरस मीटर. एमबीत होते २२६.४. मी तावातावाने तक्रार लिहायला घेतली. काकू म्हणाल्या, “भाऊ, पान उलटून तर बघा.” मागच्या पानावर आडव्या बोळीची नोंद होती, १४ बाय २. बरोबर २८ चौरस मीटर. हिशेब चोख होता. ती तक्रार गेली असती तर मोजणाऱ्या माणसावर विनाकारण डाग लागला असता. आपण दुसऱ्याकडे अचूक आकडा मागतो, तर आपलाही तसाच हवा. तेव्हापासून मी सगळी पानं दोनदा वाचल्याशिवाय पेन उचलत नाही.

जाडीचं मात्र निराळं निघालं. नालीच्या कडेला एक गट्टू सुटलेला होता. उचलून, चुरी झटकून पट्टी लावली: ६० मिलिमीटर. एमबीत ८० लिहिले होते. एका गट्टूवरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, म्हणून संयुक्त मोजणी मागितली. सोबत माहितीचा आणखी एक अर्ज टाकला, बिल देण्याआधी जाडी कोणी तपासली याच्या नोंदीसाठी. त्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तेव्हा २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं. अपील करायलाही ३० दिवसच असतात, तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

शेवटी अभियंता आले आणि सहा ठिकाणी गट्टू उचलून आमच्यासमोर मोजले. अशा वेळी प्रत्येक जागेचा फोटो पट्टीसकट घ्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी लिहिलेले आकडे मोठ्याने वाचून घ्या, आणि त्याची प्रत तिथेच उभ्या उभ्या मागा.