युवा केंद्रातला हॉल रिकामा का राहतो? या चुका टाळा

पन्नास खुर्च्या मांडलेल्या, माइक तपासून झालेला, पाहुणे येऊन बसलेले आणि समोर सात मुलं. त्यातली तीन कार्यकर्त्यांच्याच घरची. युवा केंद्रात काम केलेल्या बहुतेकांनी ही संध्याकाळ पाहिली आहे. मी एकाच वर्षात तीनदा पाहिली. नंतरच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं, "हल्लीच्या मुलांना कशातच रस नाही." हे वाक्य मला मनापासून खटकतं. तीच मुलं त्याच वेळी केंद्राच्या मागच्या पायऱ्यांवर तास-दोन तास गप्पा मारत बसलेली असतात. ती आत का आली नाहीत, याचं कारण कार्यक्रमाच्या दिवशी शोधून सापडत नाही. ते तीन-चार आठवडे आधी घेतलेल्या निर्णयांत दडलेलं असतं.

सगळं ठरवून झाल्यावर विचारणं

विषय समिती ठरवते, तारीख हॉल कधी मोकळा आहे त्यावरून ठरते, पत्रक छापून येतं आणि मग मुलांना बोलावून विचारलं जातं, "काही सूचना?" आता सूचना देऊन काही बदलणार नाही, हे मुलांना बरोबर कळतं. ती गप्प बसतात आणि आपण तो होकार समजतो.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्याआधी १९६९ मध्ये शेरी आर्नस्टाईन यांनी नागरिकांच्या सहभागाबद्दल अशीच शिडी मांडली होती. हार्ट खालच्या तीन पायऱ्यांना सहभाग मानतच नाहीत: मोठ्यांचं म्हणणं मुलांच्या तोंडून वदवून घेणं, मुलांना शोभेसाठी उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. एकसारखे टी-शर्ट घालून स्टेजवर ओळीत उभी केलेली मुलं आठवा, म्हणजे दुसरी पायरी लगेच ओळखू येईल. सहभाग चौथ्या पायरीपासून सुरू होतो, आणि तिथेही बेत मोठ्यांचाच असतो. पण तो कशासाठी आहे हे मुलांना नीट सांगितलेलं असतं आणि ती स्वखुशीने काम उचलतात. थोडक्यात, प्रत्येक वेळी सगळं मुलांवर सोपवायला हवं असं मुळीच नाही. काय आधीच ठरलं आहे आणि काय त्यांच्या हातात आहे, हे पहिल्याच बैठकीत खरंखरं सांगा.

त्यांच्या हातात काय द्यायचं? मी तीन गोष्टी सुचवते. तारीख ठरवण्याचा अधिकार, खर्चातला एक ठरावीक हिस्सा (हिशेबही त्यांनीच ठेवायचा) आणि "हा कार्यक्रम नको" म्हणण्याची मुभा. तिसरी द्यायला सगळ्यात जड जाते. आमच्याकडे मुलांच्या गटाने वक्तृत्व स्पर्धा सरळ नाकारली आणि तिच्याऐवजी सायकल दुरुस्तीचा दिवस मागितला. स्पर्धेची कल्पना माझी होती, त्यामुळे मला वाईट वाटलं. पण त्या दिवशी, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा पंक्चर कसं काढायचं ते पंधरा-वीस जणांना मोठ्या आवाजात समजावून सांगत होता. स्पर्धेला तो फिरकलाही नसता.

एक खेळतो, बाकीचे बघतात

खेळाच्या तासाला सुरुवातीला खूप गर्दी आणि महिन्याभराने तेच ते दहा-बारा जण उरलेले, असं झालं की प्रसिद्धी कमी पडली असं समजून आपण पुन्हा पत्रकं वाटतो. त्याआधी खेळाचे नियम तपासा. बाद होऊन बाहेर बसायच्या खेळात जो सगळ्यात कच्चा असतो तो सगळ्यात आधी बाहेर जातो. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच सर्वांत कमी खेळायला मिळतं. दोन-तीनदा असं झालं की तो येणं बंद करतो, आणि का ते कुणाला सांगत नाही.

बास्केटबॉलचा जन्म याच अडचणीतून झाला. १८९१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डमध्ये, वायएमसीए या तरुणांसाठी काम करणाऱ्या ख्रिस्ती संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत, जेम्स नेस्मिथ यांच्याकडे १८ तरुणांचा एक वर्ग आला. बाहेर हिवाळा, आणि आत त्याच त्या कवायती करून मुलं वैतागलेली. नेस्मिथ यांनी मैदानी खेळ आत आणून पाहिले, पण बंद जागेत ते फार धसमुसळे ठरले. मग त्यांनी समोरच्या माणसांकडे आणि जागेकडे पाहून १३ नियम लिहिले. बॉल घेऊन पळायचं नाही, म्हणजे कुणाला पाडायचं कारणच उरत नाही. गोल डोक्याच्या वर, म्हणजे बॉल जोरात न मारता हलकेच वर फेकावा लागतो. गोल म्हणून पीच या फळाच्या टोपल्या वरच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि ९-९ जणांचे दोन संघ करून सगळ्या वर्गाला खेळवलं. बाहेर कुणी उरलं नाही. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, जवळच्याच होलिओकच्या वायएमसीएमध्ये विल्यम मॉर्गन यांनी, ज्यांना बास्केटबॉलची धावपळ झेपत नव्हती अशा लोकांसाठी व्हॉलीबॉल तयार केला.

नियम बदलायची हिंमत आपणही करायला हवी. बाद झालेल्याने दहा उड्या मारून पुन्हा आत यायचं. मोठ्या दोन संघांऐवजी लहान चार संघ करायचे. गोल करण्याआधी संघातल्या प्रत्येकाच्या हाताला बॉल लागलाच पाहिजे, असं ठरवायचं. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. एकदा घड्याळ हातात घेऊन तुमच्या तासाभराच्या सत्रातल्या सगळ्यात लाजऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे लक्ष ठेवा आणि ती प्रत्यक्ष किती मिनिटं हलली ते मोजा. मी मोजलं तेव्हा नऊ मिनिटं भरली. त्या आठवड्यात आम्ही सत्राची आखणीच बदलली.

अकरा आणि बावीस एकाच खोलीत

संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीत १५ ते २४ वयाचे ते युवा. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वयाच्यांना किशोरवयीन म्हणते. केंद्राच्या दारात मात्र ही दोन्ही टोकं एकदमच येतात. एकाच खोलीत बसवलं की लहान बुजतात आणि मोठे कंटाळतात. वेळा वेगळ्या ठेवा, किंवा मोठ्यांना लहानांसाठी ठरावीक काम द्या, आणि ते काम करताना एक जबाबदार प्रौढ तिथे असू द्या.

परत जायचं कसं, हे न विचारणं

मुली येत नाहीत, अशी तक्रार घेऊन बरेच जण येतात. मी आधी विचारते, कार्यक्रम किती वाजता संपतो? पत्रकावर सुरू होण्याची वेळ ठळक असते आणि संपण्याची छापलेलीच नसते. पालकांना नेमकी तीच हवी असते. त्यात सुरुवात तासभर लांबली की शेवट अंधारात जातो, आणि पुढच्या वेळी घरातून परवानगी मिळत नाही. संपण्याची वेळ छापा, ती पाळा. आयत्या वेळी कार्यक्रम कापायचा झालाच, तर शेवटाला हात न लावता मधलं काहीतरी कापा. नोंदणी करतानाच "घरी कसे जाणार?" हा प्रश्न विचारला, तर एकाच वाटेने जाणाऱ्यांचे गट आधीच करता येतात. तारीख पक्की करण्यापूर्वी जवळच्या शाळा-कॉलेजांच्या परीक्षांचं वेळापत्रक बघणं तर उघड आहे, तरीही ते सुटतं.

विश्वासावर सोडलेली सुरक्षा

"आपली सगळी माणसं ओळखीची आहेत" हे वाक्य ऐकलं की मी अस्वस्थ होते. ओळखीच्याच माणसाकडून त्रास झाला असेल, तर मूल त्याबद्दल बोलायला जास्त घाबरतं. म्हणून नियम माणसागणिक बदलू नयेत. कुठल्याही सत्राला किमान दोन प्रौढ असावेत. एकट्या मुलाशी बोलायची वेळ आली, तर दार उघडं ठेवून, इतरांना दिसेल अशा जागी बोलावं. प्रत्येकाच्या घरचा फोन नंबर, ॲलर्जी आणि चालू औषधं यांची यादी कागदावर, हाताशी ठेवावी. मोबाइल बंद पडला तरी कागद वाचता येतो.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते व्हॉट्सॲप ग्रुपकडे. कार्यक्रमाच्या निरोपांसाठी साठ जणांचा ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर उरलेल्या एकोणसाठ जणांना दिसतो. मुलींना अनोळखी मेसेज येऊ लागतात, त्या मुकाट्याने ग्रुप सोडतात आणि त्यासोबत केंद्रही. निरोपांसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट किंवा चॅनेल वापरा, म्हणजे सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. लहान मुलांचे निरोप पालकांच्या नंबरवर पाठवा. फोटोंचंही तसंच. परवानगी आधी, लेखी, पालकांची आणि त्या मुलाचीही. आणि नको म्हणणाऱ्याला गटातून वेगळं काढून उभं करायचं नाही.

एखादं मूल काही गंभीर सांगायला आलं आणि म्हणालं, "आधी शब्द द्या, कुणाला सांगणार नाही," तर तो शब्द देऊ नका. तुला सुरक्षित ठेवण्यासाठी गरज पडली तर योग्य माणसाशी मला बोलावं लागेल, हे तिथेच सांगा. मग शांतपणे ऐका, उलटतपासणी करू नका, आणि त्याच दिवशी त्याच्याच शब्दांत लिहून ठेवून केंद्राच्या जबाबदार व्यक्तीकडे द्या.

सार्वजनिक कार्यक्रमातली भाषणं आणि आवाज

परिसरातल्या लोकांसाठी कार्यक्रम ठेवला की सूत्रं हळूहळू पाहुण्यांच्या हातात जातात. तयारी केलेली मुलं मेकअप करून दीड तास विंगेत ताटकळतात. भाषणं कार्यक्रमाच्या मध्ये, एका माणसाला तीन मिनिटं, आणि सुरुवात मुलांच्या सादरीकरणाने, एवढा बदल केला तरी पुरे. शेजाऱ्यांना आठवडाभर आधी घरोघरी जाऊन सांगा. तक्रार करणारे काका-काकूच पुढे चांगले स्वयंसेवक झालेले मी पाहिले आहेत. साउंड सिस्टीमबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. कार्यक्रमस्थळी आवाजाची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ च्या मानकात म्हटलं आहे, आणि कानांना विश्रांती देता येईल अशी शांत जागाही असावी असं त्यात आहे. मोबाइलवरच्या ॲपने आवाज ढोबळमानाने मोजता येतो. बाजूला एक शांत खोली उघडी ठेवली, तर गोंगाट न सोसणारी मुलंही टिकतात.

भांडण झालं की कायमचं बाहेर काढणं

रागाच्या भरात "पुन्हा यायचं नाही" म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण ज्या मुलाला केंद्राशिवाय जायला दुसरी जागा नाही, तोच बहुतेक वेळा भांडणात सापडतो. आधी दोघांना वेगळं करा, त्याच दिवशी निवाडा करू नका. बंदी घालायचीच तर ती किती दिवसांची आहे ते सांगा, आणि परत येण्याच्या दिवशी कुणाशी बोलायचं तेही. मारहाण किंवा छळ असेल तेव्हा मात्र त्रास झालेल्या मुलाची सुरक्षितता पहिली. त्याला समोरासमोर बसवून समेट घडवायची घाई करू नका.

डोकी मोजून समाधान मानणं

१२ ऑगस्टला, आंतरराष्ट्रीय युवा दिनाला, मोठा कार्यक्रम होतो, तीनशे जण येतात, फोटो निघतात. सप्टेंबरमध्ये त्यातलं कोण आलं, हे कुणी पाहत नाही. पुढची तारीख कार्यक्रम चालू असतानाच सांगा, आणि ती आठवड्याभरातलीच असू द्या. हजेरीच्या वहीत तीन रकाने ठेवा: नाव कुणी नोंदवलं, आलं कोण, आणि पुन्हा आलं कोण. नोंदवून न येणारे जास्त असतील तर वेळ किंवा जागा चुकली आहे. येऊन पुन्हा न येणारे जास्त असतील तर आत त्यांचं स्वागत कसं झालं ते तपासा.

तिसऱ्या रकान्यात ज्यांचं नाव नाही, त्यांच्यातल्या चार-पाच जणांशी स्वतः बोला. "का आला नाहीस?" असं विचारलं की सबबी मिळतात. "काय असतं तर येता आलं असतं?" असं मी विचारते. एका मुलीने सांगितलं की शनिवारी संध्याकाळी धाकट्या भावाला तिलाच सांभाळावं लागतं. पुढच्या शनिवारी आम्ही हॉलच्या कोपऱ्यात एक चटई, रंगीत खडू आणि लक्ष ठेवायला एक ताई, एवढी सोय केली. ती भावाला घेऊन आली, आणि तिच्या पाठोपाठ आणखी दोघी जणी, आपापल्या धाकट्यांना घेऊन.